गुनवोरचा डिंक

लिम म्हणजे आमच्या भाषेत डिंक. पाकीट चिकटवायचा असो की विमानाचा पंख, शब्द एकच. आमच्या कारखान्यात मात्र हा शब्द गुनवोर आसपास नसताना उच्चारायचा, अशी रीत पडली होती. ती असताना चुकून कुणी बोलला, की पुढची दहा मिनिटं कुणाचंच काम व्हायचं नाही.

गुनवोर हाउगेरूड. वय एकोणसाठ, उंची पाच फूट, आणि चष्म्यावर दुसरा चष्मा. शेरविकच्या धक्क्यावर आमचा कारखाना आहे, त्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं एकच काम करत होती. ज्याला पुस्तकात त्वरणमापक म्हणतात आणि आम्ही नुसतं ‘डबी’ म्हणतो, त्या डबीच्या पोटात डिंकाचे दोन थेंब ठेवायचे. दोनच. तिसरा ठेवताना तिला कुणी पाहिलेलं नाही.

डबी दिसायला अगदीच मामुली, दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढी. आत क्वार्ट्झची एक चकती, त्या चकतीत कापलेली एक झडप, आणि झडपेला धरून ठेवणाऱ्या दोन बिजागऱ्या, केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या पातळ. समुद्राच्या तळाशी फिरणारं यान पुढे निघालं की ही झडप मागे राहू पाहते, बस सुटताना आपण मागे कलंडतो तशी. तिला जागेवर धरून ठेवायला किती वीज लागली ते मोजायचं, म्हणजे यान किती जोरानं निघालं ते कळतं. मग बेरजांवर बेरजा करत ते कुठे पोचलं हेही कळतं. पाण्याखाली उपग्रह दिसत नाहीत, तिथे यानाला या डबीशिवाय दुसरा वाली नाही. झडपेला धरणारी वीज तांब्याच्या एका वेटोळ्यातून जाते, आणि ते वेटोळं झडपेवर बसतं गुनवोरच्या दोन थेंबांवर.

गिऱ्हाइकाची अट सोपी असते आणि म्हणूनच जीवघेणी. एका जागी स्वस्थ ठेवलेल्या डबीनं आज जो आकडा सांगितला तोच पुढच्या महिन्यातही सांगावा. पृथ्वीच्या ओढीच्या पन्नास हजाराव्या हिश्शाएवढा जरी तो सरकला, तरी अर्ध्या तासाच्या आत यान पाव किलोमीटर भलतीकडे. म्हणून डब्या तयार झाल्या की त्या तळघरात जातात. तिथे काँक्रीटचा एक जाडजूड खांब आहे, जमिनीत खोल गेलेला, इमारतीच्या कुठल्याही भिंतीला न टेकणारा. खांबावर एक उबदार पेटी, पेटीत ओळीनं डब्या, आणि बाहेर पडद्यावर प्रत्येक डबीची एक रेघ. रेघ सरळ गेली की डबी पास.

गेल्या वर्षी अट पहिल्यांदाच इतकी कडक झाली, आणि अठरा डब्यांच्या रेघा सरळ गेल्या नाहीत. आमचा प्रमुख ट्रुल्स यानं कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, लिम. नियमाप्रमाणे त्याखाली जोडणाऱ्याचा शिक्का लागतो. गुनवोरचा शिक्का सतरा नंबरचा. तिनं तो मुकाट्यानं मारला, आणि अठरा डब्या प्रेसखाली चिरडून भंगारात गेल्या.

त्यानंतरचं वर्षभर ती स्वतःच्या हातांवर पाळत ठेवून होती. हाताला मलम लावणं सोडलं. डिंकाच्या चांगल्या बाटल्या मुदतीआधी फेकल्या. टाचण्यांसारख्या ज्या सुयांनी ती थेंब ठेवायची, त्या सगळ्या बदलल्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तपकिरी चीज लावलेले पाव खात असायचो आणि ही सूक्ष्मदर्शकाखाली काल वाळलेला थेंब बघत बसलेली असायची. तेव्हा तिची चेष्टा करायचीही पंचाईत व्हायची, आणि चेष्टा ही आमच्या खात्याचं मुख्य उत्पादन.

यंदा वसंतात चोवीस डब्या पेटीत गेल्या, आणि पुन्हा तेच. रेघा आठवडाभर शहाण्यासारख्या सरळ, मग एखाद्या सकाळी सगळ्या मिळून वर चढायच्या. कधी दोन दिवस वर, कधी नऊ दिवस वर, मग सगळ्या मिळून खाली. ताळमेळ काही नाही.

ट्रुल्स माणूस वाईट नव्हता. छत्तीस वर्षांचा, हुशार, सायकलनं यायचा आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायला विसरून तसाच बैठकीला बसायचा. त्यानं रेघा पाहिल्या आणि निकाल दिला की सगळ्या एकदम सरकतात, म्हणजे सगळ्यांत जे सारखं आहे त्यातच खोट आहे. सारखा काय, तर डिंक. एकाच बाटलीतला.

‘एका आईची चोवीस पोरं असली म्हणून ती सगळी एका मिनिटाला रडायला लागत नाहीत,’ गुनवोर म्हणाली.

‘दूध नासलं असेल तर लागतील,’ ट्रुल्स म्हणाला.

यावर आम्ही हसलो. ती हसली नाही. तिनं विचारलं की चोवीसही डब्यांची तोंडं दाराकडे का आहेत. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: तारा तेवढ्याच लांब होत्या. मग ती म्हणाली की बारा डब्या उलट्या फिरवा, तोंडं भिंतीकडे करा. डिंक सरकत असेल तर डबीचं तोंड कुणीकडेही असो, तिची रेघ वरच जाणार, कारण डिंकाला दिशा कळत नाही. पण डिंक जागेवर असेल आणि डबीखालची जमीनच एका बाजूला कलत असेल, तर आतली झडपही त्या बाजूला ओढली जाणार, आणि दाराकडे तोंड असलेल्या बारा जणी म्हणतील ‘वर’ आणि भिंतीकडे तोंड असलेल्या म्हणतील ‘खाली’.

ट्रुल्सला ‘जमीन’ हा शब्द ‘लिम’पेक्षाही झोंबला. सहा वर्षांपूर्वीपर्यंत आमचा कारखाना टेकडीवरच्या जुन्या बराकीत होता, नागड्या खडकावर. तिथून तो धक्क्यावरच्या या नव्या इमारतीत आणायची कल्पना त्याची. उपाहारगृहातून फ्योर्डचा, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीचा, देखावा सुंदर दिसतो, हे कबूल करायला हवं. खांब खडकापर्यंत गेलेला आहे, असं नकाशावर ठळक लिहिलं होतं आणि खाली ट्रुल्सची सही होती.

‘खांब खडकावर आहे,’ तो म्हणाला.

‘मग फिरवायला भ्यायचं कशाला?’

भ्यायचा प्रश्न नाही, वेळेचा आहे, असं त्याचं म्हणणं. पेटी एकदा उघडली की आतली ऊब पुन्हा स्थिर व्हायला दहा दिवस लागतात. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी डेन्मार्कहून गिऱ्हाईक येणार, त्यांना हातात निकाल हवा. आणि मध्ये जुलै. जुलै म्हटल्यावर आमच्याकडे बोलणंच संपतं. त्या तीन आठवड्यांत अख्खा देश एकदम सुट्टीवर जातो. भट्ट्या विझतात, क्रेन थांबतात, दाताचा डॉक्टरसुद्धा मिळत नाही. ज्याचा दात दुखतो त्याला लोक म्हणतात, जुलैत कशाला दुखवून घेतलास.

सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी ट्रुल्सनं कागद तयार करून आणला. चोवीस डब्या बाद. कारण: लिम. गुनवोरनं सतरा नंबरचा शिक्का खणातून काढला, शाईच्या गादीवर दाबला, आम्ही सगळे दुसरीकडे बघू लागलो, आणि तिनं तो ओला शिक्का तसाच एप्रनच्या खिशात टाकला. निळा डाग त्या एप्रनवर अजून आहे. ट्रुल्सनं विचारलं, याचा अर्थ काय. ती म्हणाली, अर्थ असा की शिक्का खिशात आहे. त्यानं तिथल्या तिथे हुकूम सोडला की निकाल लागेपर्यंत डिंकाचं काम बंद, आणि तो स्पेनला गेला.

सोमवारी सगळं गाव होड्यांतून बेटांवरच्या आपापल्या झोपड्यांकडे निघालं आणि गुनवोर कारखान्यात आली. तिच्या ओळखपत्रानं दार उघडलं. सुट्टीत तळघरात बसू नये असं नियमात कुठेही नव्हतं, कारण असं कुणी करील हे नियम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं. आजवर एकाही जुलैत ती पेटी चालू राहिलेली नव्हती. आम्ही जाताना बटण बंद करायचो, दिवा मालवावा तसं.

तिनं लांब तारा जोडल्या, पेटी उघडली, बारा डब्यांची तोंडं भिंतीकडे केली, झाकण लावलं आणि खुर्ची घेऊन बसली. सोबत विणकाम आणि थर्मास.

युनियनचा प्रतिनिधी ओडवार याला हे तिसऱ्या दिवशी कळलं. तो अर्ध्या चड्डीत, होडी धक्क्याला बांधून, उघड्या पायांनी तळघरात आला. ही सुट्टी आपल्या आजोबांनी संप करून मिळवलेली आहे, असं त्यानं तिला समजावलं. तू इथे बसलीस तर उद्या मालक सगळ्यांनाच बसा म्हणेल.

‘माझ्याही आजोबांनी संप केला होता,’ गुनवोर म्हणाली. ‘त्यांनी मिळवलेली सुट्टी मी कुठे घालवायची, हे ते मला सांगून गेले नाहीत. मी कामावर नाहीये, ओडवार. माझा पगार कुणी लावलेला नाही. मी सुट्टीवर आहे आणि मला हे तळघर आवडतं.’

‘इथे खिडकीसुद्धा नाही.’

‘म्हणूनच. गर्दी नसते.’

ओडवारनं ही गोष्ट मला स्वतः सांगितली, आणि सांगताना त्याला ठरवता येत नव्हतं की आपण रागावलो आहोत की खूश आहोत. जाताना त्यानं तिला किलोभर कोळंबी दिली म्हणे.

खरा त्रास झाला तिच्या नवऱ्याला. रायदार नावाचा हा सज्जन माणूस बेटावरच्या झोपडीत एकटा. यंदा दोघांनी मिळून बाहेरचा संडास रंगवायचा ठरवलेला. त्यानं एकट्यानं रंगवला, आणि रंग उरला म्हणून पुन्हा एकदा रंगवला. बायको का आली नाही, असं शेजारच्या बेटावरून कुणी विचारलं की तो म्हणायचा, तिचं काम आहे. यापुढे तो काही सांगू शकत नव्हता, कारण त्याला काही ठाऊकच नव्हतं. हाउगेरूडांच्या घरी जेवताना कामाचं बोलत नाहीत. तिला कंपनीच्या गुप्ततेच्या कागदावर सही करावी लागली होती, आणि याला मुळात बोलायचीच आवड नाही. बटाटे गरम आहेत तोवर खावेत, या मतावर दोघांचं एकतीस वर्षं एकमत होतं.

पेटी दहा दिवसांत स्थिर झाली. गुनवोर रेघा चढायची वाट बघू लागली.

रेघा चढल्या नाहीत. चोवीसच्या चोवीस रेघा पडद्यावर ताणलेल्या सुतासारख्या. एक दिवस, तीन दिवस, आठवडा. धक्क्यावर आल्यापासून इतक्या सरळ रेघा कुणी पाहिल्या नव्हत्या, आणि तिला त्या नकोशा झाल्या होत्या. जमीन कलली तर बारा वर, बारा खाली हे दिसणार. पण काही हललंच नाही तर दिसणार काय? सुट्टी मोडली, नवऱ्याला संडासापाशी एकटं सोडलं, ओडवारची बोलणी खाल्ली, आणि पुरावा शून्य.

त्यात ट्रुल्सचा फोन आला. कारखान्यातले आकडे त्याला स्पेनमध्ये फोनवर दिसायचे आणि सुट्टीत न बघण्याइतका तोही शहाणा नव्हता. तो फार प्रेमानं बोलला. म्हणाला, बघ गुनवोर, रेघा आता सरळ झाल्या, म्हणजे डिंक इतक्या दिवसांनी एकदाचा पक्का वाळला. म्हणजे आधी तो कच्चा होता. माझं म्हणणं तूच सिद्ध केलंस, तेही सुट्टीत.

तिनं मला पुढे एकदाच सांगितलं की त्या संध्याकाळी तिला ते पटलं होतं. पूर्ण पटलं होतं. आपल्या हातांनीच घोळ केला, गेल्या वर्षीही आणि यंदाही, आणि आपण तोंड वर करून भांडतोय. ती विणकाम पिशवीत भरून उठली, पडदा बंद करायला हात पुढे केला.

‘मग बंद का नाही केलास?’ मी विचारलं.

‘त्यानं फोनवर ‘गुनवोर’ ज्या आवाजात म्हटलं ना, तो आवाज. कुत्र्याला पशुवैद्याकडे नेताना आपण तसं बोलतो. म्हटलं, सोमवारपर्यंत तरी राहू दे रेघा.’

ऑगस्टचा पहिला सोमवार. आम्ही सगळे नाकाची सालं निघालेले, सुस्तावलेले, कॉफीभोवती जमलेले. सव्वासातला गुनवोर तळघरातून वर आली आणि म्हणाली, ज्यांना यायचं त्यांनी खाली या. आवाज अगदी साधा. आम्ही खाली गेलो. पडद्यावर बारा रेघा वर निघाल्या होत्या आणि बारा खाली, मधोमध चिरलेल्या माशासारख्या. आमच्या डोळ्यांदेखत त्या फाकत गेल्या, फाकत गेल्या, आणि तासाभरानं जिथे थांबल्या तिथला आकडा बरोबर तोच होता, पन्नास हजारावा हिस्सा.

ट्रुल्स हेल्मेटसकट आला. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, ‘खांब खडकावर आहे.’

‘मग खडक कललाय,’ गुनवोर म्हणाली. ‘बातमीदारांना बोलवायचं का?’

डिंक निर्दोष सुटला, एवढं त्यानं मान्य केलं, पण तोंडानं नाही, मानेनं. मात्र जमीन कशानं कलते हे कळल्याशिवाय गिऱ्हाइकाला काय सांगणार? ट्रक, वारा, भूकंप, सगळं बोलून झालं. गुरुवार तीन दिवसांवर. कारण सांगता आलं नाही तर डेनिश लोक म्हणणार, तुमचं तळघरच भरवशाचं नाही तर डब्या कशावरून भरवशाच्या? तसं झालं तर चोवीस डब्या बादच, मग रकान्यात शब्द कुठलाही असो.

त्या संध्याकाळी हाउगेरूडांच्या घरी जेवणाच्या टेबलावर नियम मोडला गेला. हे मला रायदारनं सांगितलं, आणि एकूण बारा वाक्यांत सांगितलं, म्हणजे त्याच्या हिशेबानं फार रंगवून.

बटाटे वाढून झाल्यावर गुनवोरनं विचारलं, ‘आज सकाळी सात वाजता तू काय करत होतास?’

‘एकतीस वर्षं झाली लग्नाला,’ रायदार म्हणाला. ‘आज विचारतेस.’

‘सांग ना.’

‘गोदीत पाणी सोडत होतो. सुट्टीभर ती फेरीबोट आत कोरडी उभी होती, तिला बाहेर काढायची होती. सात वाजून पाच मिनिटांनी झडपा उघडल्या.’

रायदार जहाजदुरुस्तीच्या कोरड्या गोदीतला पंपवाला. गोदीत पाणी भरायचं, जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसून काढायचं, तळ रंगवून झाला की पुन्हा पाणी. एका वेळी वीस हजार टन. आणि ही गोदी आमच्या तळघरापासून दोनशे पावलांवर. सहा वर्षं नवरा-बायको एकाच रस्त्यानं कामाला जात होते आणि शेवटच्या कोपऱ्यावर एक डावीकडे वळायचा, एक उजवीकडे.

बटाटे तसेच टाकून रायदार गोदीवर गेला आणि आपली वही घेऊन आला. झडपा कधी उघडल्या, पंप कधी लावले, त्याच्या गोल अक्षरात वेळेसकट. गुनवोरनं आपल्या रेघांचे चढ-उतार समोर ठेवले. मे महिन्यातला नऊ दिवसांचा चढ: नऊ दिवस गोदी भरलेली, गिऱ्हाइकाचं भांडण चालू म्हणून जहाज तिथेच. जूनमधला दोन दिवसांचा: एक जहाज बाहेर, एक आत. एकही चुकला नाही. जुलैत रेघा सरळ, कारण जुलैत गोदीही सुट्टीवर.

रायदार म्हणाला की बायको रडली नाही. तिनं थंड बटाटे खाल्ले आणि विचारलं, आता पाणी उपसणार कधी? तो म्हणाला, गुरुवारी, दुपारी एकला. ती म्हणाली, बरोबर एकला हं. हा म्हणाला, मी कधी उशीर केलाय?

गुरुवारी दोन डेनिश पाहुणे आले. डेनिश माणसं घशात बटाटा अडकल्यासारखी बोलतात आणि आपण सारखं ‘काय म्हणालात?’ करत राहतो, पण ही दोघं आपल्या धंद्यात पक्की होती. ट्रुल्सनं पाऊण तास सादरीकरण केलं. त्यात ‘बाह्य परिस्थिती’ हे शब्द मी अकरा वेळा मोजले. गोदीचं नाव एकदाही नाही. पावणेएकला गुनवोर न बोलावता आत आली आणि म्हणाली की एक वाजता खाली चला, शेजारच्या गोदीतलं पाणी उपसलं की या चोवीस रेघा पुन्हा एकत्र येतील. ट्रुल्सचा चेहरा पडला. त्यानं विचारलं, न आल्या तर?

‘न आल्या तर तुमच्यासमोर डिंकावर शिक्का मारते,’ ती म्हणाली.

एक वाजता तळघरात आम्ही नऊ जण. रेघा फाकलेल्याच. एक वाजून पाच मिनिटं, काही नाही. दहा मिनिटं, काही नाही. एका पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. गुनवोरनं मात्र घड्याळाकडे बघितलं नाही, ती दोन्ही चष्मे लावून पडद्याकडे बघत होती. तेरा मिनिटांनी वरची ओळ जराशी लवली. आधी वाटलं भास. मग खालची ओळ उचलली. वीस हजार टन पाणी एकदम कसं निघेल, त्याला वेळ लागणारच, हे आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मग चोवीस रेघा हळूहळू एकमेकींकडे सरकत राहिल्या.

थोरला पाहुणा हसू लागला. म्हणाला, दोनशे पावलांवरून तुमच्या डब्यांनी गोदी तोलली, आम्ही इतकं मागितलंही नव्हतं. मग त्यानं विचारलं की या डब्या चिकटवल्या कुणी. ट्रुल्स म्हणाला, आमच्या जोडणी विभागानं.

‘मी,’ गुनवोर म्हणाली.

इथे संपायला हरकत नव्हती. पण कागद उरला होता. ट्रुल्सनं तो तिथेच, पाहुण्यांदेखत, पडद्याशेजारच्या टेबलावर हातानं लिहिला आणि तिच्यापुढे केला. चोवीस डब्या पास. निरीक्षण: परिसरातील बाह्य परिस्थितीचा परिणाम, डिंकाची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.

तिनं सावकाश वाचलं. ‘शेवटचं काढ,’ ती म्हणाली.

ट्रुल्सनं समजावलं की असं लिहायची पद्धत आहे, यात कुणावर ठपका नाही, सगळेच सुरक्षित राहतात. डब्या पास झाल्यात ना, मग?

‘गेल्या वर्षी तू ‘नाकारता येत नाही’ असं नव्हतं लिहिलंस. ‘लिम’ लिहिलं होतंस, एकच शब्द. आताही थोडक्यात लिही. खांब मातीत आहे. गोदी भरली की कलतो. डिंक टिकला.’

‘मातीत आहे हे सिद्ध कुठे झालंय?’

‘खणून बघायचं? रायदारकडे फावडं आहे.’

धाकटा पाहुणा खोकला. ट्रुल्स तांबडालाल झाला. खांब मातीत आहे असं लिहायचं म्हणजे नकाशावरची त्याची सही खोटी, फ्योर्डचा देखावा खोटा, सहा वर्षं खोटी. तो मला त्या क्षणी बिचारा वाटला. गुनवोरला वाटला की नाही, सांगता येत नाही. तिनं दुसरा एक कागद खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवला. गेल्या वर्षीचा, अठरा डब्यांचा.

‘आणि हा पण दुरुस्त कर.’

‘अगं, त्या डब्या चिरडल्या.’

‘डब्या गेल्या. कागद आहे. त्यावर माझा शिक्का आहे, आणि तो मी चुकीच्या शब्दाखाली मारलाय.’

तो लिहायला बसला. दोन ओळी लिहायला त्याला फार वेळ लागला. मध्ये एकदा त्यानं वर बघून ‘कलतो’ऐवजी ‘किंचित कलतो’ चालेल का विचारलं. तिनं सांगितलं, किंचितनं यान पाव किलोमीटर चुकतं, पण लिही, खरंच आहे ते.

मग तिनं घड्याळाकडे बघितलं. ‘लवकर आटप. वर डिंक कालवून ठेवलाय, दोन तासांत त्याचा दगड होतो. एक तुझ्या खांबापाशीच गेला.’

‘डिंकाचं काम मी बंद केलं होतं,’ ट्रुल्स म्हणाला.

‘तू केलं होतंस,’ गुनवोर म्हणाली.

तिनं दोन्ही कागद वाचले, एक चष्मा लावून आणि मग दुसराही लावून. खिशातून शिक्का आणि शाईची गादी काढली, शिक्का दोनदा मारला, आणि पाहुण्यांना ‘येते’ म्हणून जिन्याकडे निघाली.